खाऱ्या हवेतला कॉम्प्युटर

मालवणात दांडीच्या किनाऱ्यालगत घर असलं की लोखंडाचा भरवसा धरायचा नाही, हे आम्ही लहानपणीच शिकलो. खिडकीचे गज, सायकलची चेन, कपाटाचं कुलूप, शिवणयंत्राचा पाय, सगळ्यांवर आधी तांबूस ठिपके उठतात आणि मग पापुद्रे सुटायला लागतात. वारा थेट समुद्रावरून येतो, तो मीठ घेऊनच. अशा घरात १९९९ साली आमचा पहिला कॉम्प्युटर आला. आणि यंदा त्याच घराच्या त्याच माजघरात माझ्या पुतण्याने पाण्यावर थंड राहणारा गेमिंग कॉम्प्युटर जोडला, तोही एवढ्याशा पेटीत. दोन्ही वेळा मी तिथे होतो, आणि दोन्ही वेळचा आनंद मला सारखाच खरा वाटतो.

पहिला आला तो मुंबईहून. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्गावर सुरू झाली होती, तिचं अप्रूप अजून ओसरलं नव्हतं. गिरगावात राहणाऱ्या मोठ्या काकांनी लॅमिंग्टन रोडवर दोन शनिवार फिरून, चार दुकानांत भाव काढून, सुटे भाग असेंबल करून घेतले. पेंटियम थ्री, ५०० मेगाहर्ट्झ, ६४ एमबी रॅम, दुधी रंगाचं कॅबिनेट आणि १५ इंची मॉनिटर. कुडाळपर्यंत तो रेल्वेने आला आणि पुढे एसटीत. मॉनिटरच्या खोक्यासाठी काकांनी वेगळं तिकीट काढलं होतं. स्टँडवरून घरापर्यंत रिक्षामागे पोरं धावत होती.

त्या काळी कॉम्प्युटर जपायचा म्हणजे झाकून ठेवायचा. बाजारपेठेतल्या क्लासमध्ये तर चपला बाहेर काढाव्या लागत. आतल्या खोलीत एसी, खिडक्यांना जाड पडदे, प्रत्येक मशीनवर प्लास्टिकचं कव्हर. २००१ साली एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स सुरू झाल्यावर त्या एसी खोलीत शाळेतले गुरुजी आणि तलाठी आमच्या बाजूला बसून माऊस धरायला शिकले. आईने आमच्या कॉम्प्युटरला फुलाफुलांच्या कापडाची तीन कव्हरं शिवली: मॉनिटरला एक, कॅबिनेटला एक आणि कीबोर्डला झालर लावलेलं एक. मशीन बंद केलं की लगेच ती घालायची. चपलांच्या खोक्यांतून मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून सीडींच्या डब्यात ठेवायच्या, नाहीतर पावसाळ्यात सीडीवर बुरशीची नक्षी उमटायची. मे अखेरीला ढग गडगडले की घरातलं कुणीही, आजीसुद्धा, ओरडायचं, "फोनाची वायर काढ!" कारण वीज फोनच्या तारेतून येऊन मोडेम जाळते हे अख्ख्या वाडीला ठाऊक झालं होतं.

तरीही मीठ आत शिरायचंच. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या सकाळी स्क्रीन काळी राहायची आणि आतून लांबलचक बीप यायचा. त्यावरचा उपाय कणकवलीहून येणाऱ्या मेकॅनिकने शिकवला होता. कॅबिनेटचे स्क्रू काढायचे, गंजून बसले असतील तर त्यांच्या डोक्यावर खोबरेल सोडून रात्रभर ठेवायचे. बाजूचा पत्रा सरकवायचा, रॅमची पट्टी दोन्ही खिट्ट्या दाबून उचलायची आणि तिच्या सोनेरी दातांवरून साधं खोडरबर फिरवायचं. रबराचा पांढरा चुरा करडा होत जायचा, दात पुन्हा चकाकायला लागायचे. फुंकर मारायची नाही, तोंडातली वाफ वाईट, हे तो दर वेळी बजावायचा. कापडाने पुसून पट्टी परत बसवली की खट् असा आवाज यायचा आणि मशीन सुरू व्हायचं. मी आठवी-नववीत होतो. कॉम्प्युटर ही उघडता येणारी, हात घालता येणारी वस्तू आहे हे मला त्या खोडरबराने शिकवलं, कुठल्याही क्लासने नाही.

त्याच मेकॅनिकने आणखी एक गोष्ट सांगितली होती. पावसात रोज अर्धा तास तरी मशीन चालू ठेवा, आतल्या ऊबेने ओल निघून जाते. आईला ते पटायला वेळ लागला. वापर नसताना वस्तू चालू ठेवणं तिच्या हिशेबात बसत नव्हतं. आम्हाला मात्र तेवढं निमित्त पुरे होतं. त्या अर्ध्या तासात डेव्ह, प्रिन्स आणि रोड रॅश या खेळांच्या पाळ्या लागायच्या. ओटीवर शेजारची पोरं बसलेली असायची, आत दोघं आणि खिडकीच्या गजांना धरून चौघं. खेळणारा एक आणि सल्ला देणारे सहा. लाईट गेली की सगळे एकदम "ओ" करायचे आणि यूपीएस कर्कश ओरडायला लागायचा.

त्या पेंटियम थ्रीची उष्णता होती २८ वॉट. ॲल्युमिनियमचा छोटा हीटसिंक आणि त्यावर एक पंखा, एवढ्यात तिचं भागायचं. कॅबिनेट ४० लिटरच्या आसपासचं, आणि आत बहुतेक जागा रिकामी. एकदा पालीने तिथे अंडी घातली होती.

आता पुतण्याची पेटी बघा. कूलर मास्टरची एनआर२००, १८ लिटरच्या जरा वर. आतला मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७० बाय १७० मिलिमीटर. हे माप व्हीआयए या कंपनीने २००१ साली काढलं. तेव्हा ते छोट्या, कमी ताकदीच्या कामांसाठी होतं, त्यावर कुणी असली दांडगी मशीनं उभारील असं तेव्हा फारसं कुणाच्या मनात नसेल. पुतण्याच्या रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसरची मर्यादा १२० वॉट आणि आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्डाची २०० वॉट. दोन्ही मिळून आमच्या जुन्या प्रोसेसरच्या अकरापट उष्णता, आणि जागा निम्म्याहून कमी. नुसत्या पंख्यांवरही भागतं, पण मेच्या दुपारी, कौलांखालच्या त्या खोलीत, पंखे सतत किंचाळत राहतात. म्हणून पाणी.

कल्पना नवी नाही. १९६०च्या दशकात आयबीएमच्या सिस्टीम ३६० मॉडेल ९१मध्ये पाणी खेळवलेलं होतं. आपल्याकडे पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसवलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणकही द्रवानेच थंड राहतो. तेवढ्याच आकारमानाची हवा आणि पाणी घेतलं, तर तापमान तेवढंच वाढताना पाणी हवेच्या साधारण साडेतीन हजार पट उष्णता उचलून नेतं. घरच्या मशीनमध्ये प्रोसेसरवर आणि ग्राफिक्स कार्डावर तांब्याचे ब्लॉक बसतात, पंप त्यांतून द्रव फिरवतो आणि तो रेडिएटरच्या पातळ पात्यांतून जाताना पंखे त्याची उष्णता खोलीत सोडतात. पुतण्याने १२० मिलिमीटरचे दोन पंखे मावतील असे २४०चे रेडिएटर घेतले, एक कडेला आणि एक तळाला. त्याआधी कितीतरी रात्री तो कागदावर मिलिमीटर मांडत बसला होता. कार्डाची लांबी, रेडिएटरची जाडी, नळी कुठे वळणार, फिटिंग कुठे अडणार. आमच्या वेळी वायर लांब पडली तर गुंडाळी करून कोपऱ्यात कोंबायची सोय होती. इथे वायरसुद्धा मापून घ्यावी लागते.

जोडणी झाली त्या दिवशी धाकटे काका आले, म्हणजे पुतण्याचे आबा. जन्म समुद्रावर गेलेला माणूस. नळ्या पाहून ते दारातच थांबले.

"पाणी आणि करंट एकाच पेटीत? शॉक लागतलो मेल्या!"

पुतण्याने त्यांना जवळ बसवून सगळं दाखवलं. पंप दाखवला, रेडिएटर दाखवला. आबा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांना ते एकदम उमगलं. होडीच्या मागे लावायच्या मशीनमध्ये हेच तर असतं. ते समुद्राचं पाणी खेचतं, इंजिनाभोवती फिरवतं आणि मागून एक बारीक धार सोडतं. धार येतेय तोवर पंप ठीक. थांबली की ताबडतोब मशीन बंद.

"मगे हेची धार खंय?"

"आबा, हेची धार भायर इली तर माझा वाटोळा झाला," पुतण्या म्हणाला. इथे तेच पाणी आत फिरत राहायला हवं. पण दुसरी गोष्ट त्याने विचारायच्या आत आबांनीच काढली. तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र नको. होडीच्या मशीनला जस्ताचा तुकडा लावतात तो याचसाठी. दोन धातू एका पाण्यात आले की कमी प्रतीचा आधी झिजतो, मग जस्तालाच झिजू द्यायचं. पुतण्याने ब्लॉक आणि रेडिएटर दोन्ही तांब्याच्या घडणीचे घेतले होते, कारण तेच. तो हे परदेशी व्हिडिओंतून शिकला, आबा दांडीच्या वाळूवर. मला त्या दोघांचा फार अभिमान वाटला.

मग पाणी भरायचं. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींच्या गोड्या पाण्याचं आम्हा मालवणकरांना केवढं कौतुक, पण ते गोडं पाणीही इथे चालत नाही. त्यातले क्षार ब्लॉकमधल्या केसाएवढ्या खाचांत साचतात. नळ्या आणि रेडिएटर धुवायला डिस्टिल्ड वॉटर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते, आणि नंतर गंज आणि शेवाळ रोखणारी द्रव्यं मिसळलेला तयार कूलंट. भरताना मदरबोर्डाला वीज द्यायची नाही, फक्त पंपाला. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपरची घडी ठेवायची, म्हणजे एक थेंब जरी सुटला तरी कागदावर दिसतो. पुतण्या पेटी दोन्ही हातांत धरून हळूहळू डावीकडे, उजवीकडे, मागे कलवत होता. नळीतून बुडबुड्यांची माळ सरकायची, टाकीत येऊन फुटायची, पातळी खाली जायची, तो आणखी थोडं ओतायचा. पंपाचा घुरघुराट कमी कमी होत गेला आणि शेवटी आवाज असा उरलाच नाही. पेटी रात्रभर तशीच चालू ठेवली. आईने दोनदा उठून बॅटरीच्या उजेडात कागद पाहिले. सकाळी सगळे कोरडे होते.

पाणी थंड, म्हणजे दव धरणार आणि बोर्ड भिजणार, अशी भीती घरात होतीच. तसं होत नाही, कारण रेडिएटर खोलीतल्या हवेवरच चालतो. त्यातला द्रव खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही, उलट दहा-बारा अंश गरमच असतो. खरी काळजी जुनीच आहे, मिठाची. पात्यांमधून दिवसभर हवा खेचली जाणार, म्हणजे मीठही. पुतण्याने पंख्यांच्या तोंडाशी बारीक जाळी लावली आहे आणि तो ती आठवड्याला धुतो. आणि पावसाळ्यात मशीन रोज चालवतो. कव्हर नाही. आई आता त्याला काही म्हणत नाही, पण कीबोर्डवर तिचा एक रुमाल येऊन पडलेला असतो.

काही गोष्टी मात्र गेल्या, आणि त्यांची हळहळ मला वाटते. आमचा जुना कॉम्प्युटर कुणीही उघडू शकत होतं. पेचकस आणि खोडरबर असलेला शाळकरी पोरगा त्याचा डॉक्टर होता. या पेटीत रॅमपर्यंत पोचायचं तर आधी रेडिएटर सोडवावा लागतो, कधी कधी द्रव काढावा लागतो. शेजारच्या पोरांना तिथे हात घालायला जागा नाही. शिवाय ती पोरं आता ओटीवर बसत नाहीत, आपापल्या घरून हेडफोन लावून पुतण्याशी खेळतात. खेळ पूर्वीपेक्षा कितीतरी देखणे आहेत, हेही खरं. पण एका खेळणाऱ्यामागे सहा सल्लागार, हा प्रकार ज्यांनी अनुभवला नाही त्यांना रोड रॅश पूर्ण कळला असं मला वाटत नाही.

पेटी लहान का हवी, याचं उत्तर मात्र ऐकून मी निरुत्तर झालो. मला वाटत होतं, हौस. पुतण्या पुण्यात ॲनिमेशनचं काम करतो, तिघांत एक खोली, टेबल अडीच फुटांचं. पावसाळ्यात घरून काम करायची मुभा मिळते तेव्हा तो मालवणात येतो, आणि मशीन त्याच्यासोबत. आमचा कॉम्प्युटर एकदा माजघरात बसला तो मोडीत जाईपर्यंत हलला नाही. घरातली माणसंच मुंबईला जात राहिली. याचा कॉम्प्युटर माणसाबरोबर जातो आणि माणसाबरोबर परत येतो. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने इथली लाईट दिवसच्या दिवस गेली, तेव्हा पुण्यातल्या नोकरीचं काम खोळंबलेली कितीतरी पोरं मी आसपास पाहिली. तेव्हापासूनच पुतण्याच्या डोक्यात उचलून नेता येईल असं मशीन होतं.

प्रवासाआधी द्रव काढून घ्यायचा असतो. तळाशी एक छोटी तोटी आहे, तिला नळी जोडून. मग कोरडी पेटी एका सॅकमध्ये, कपड्यांच्या घड्यांत, फोंडा घाटाने कोल्हापूरमार्गे पुण्याला. द्रव वर्षातून एकदा पूर्ण बदलावा, ब्लॉक उघडून खाचा साफ कराव्या, असं जाणकार सांगतात. त्यासाठी त्याने गणपतीचे दिवस धरले आहेत. डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन मी आणून ठेवायचे, जाळ्या आईने धुवायच्या, आणि वाडीतल्या ज्या दोन पोरींनी त्याला "आमका शिकव" म्हणून विचारलं आहे, त्यांनी पेचकस घेऊन सकाळीच यायचं, असं ठरलं आहे.