तेरा नंबरचा पान्हा

कांद्याच्या रानात रोटर मारायचा होता, पण गिअरबॉक्समधून ऑइल गळत होतं. पोरगा सुट्टीला आलेला. बारावी सायन्सनंतर आयटीआय फिटर केलं, आता ओझरला एचएएलमध्ये वर्षाची अप्रेंटिसशिप चालू आहे. सुखोई विमानांचं ओव्हरहॉल तिथंच होतं.

सील बदललं. झाकण बसवायचं तर हा गोणपाटावर पान्हे मोजत बसला. बारा काढलेले, भरले अकरा. मी तापलो. वापसा निघून चाललाय, उद्याच्या बाया सांगून ठेवल्यात! तो म्हणाला, "नाना, तिथं एक हत्यार कमी भरलं तर विमान सोडत नाहीत." ऑइलात हात घातला, तर तळाशी तेरा नंबर. तसाच रोटर फिरवला असता तर गिअरचे दाते गेले असते. आपला ट्रॅक्टर निदान बांधावर उभा करता येतो.

वर्ष संपल्यावर तिथंच घेतील याची खात्री नाही, भरती वेगळी निघते. त्याला लायसन्सवाला एएमई व्हायचंय. त्याला डीजीसीएच्या परीक्षा, फी लाखांत. त्याची आई दोन गायी काढू म्हणते. मी अजून हो म्हटलं नाही. कुणाचं पोरगं या लाइनीत असेल तर खर्चाचं आणि नोकरीचं खरं सांगा.