रील नव्हे, रीळ!

ऑफिसात ‘रीळ घ्यायचंय’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘कुठल्या गाण्यावर?’ मोबाइलवरचं नाही हो! गळाच्या काठीला लावतात ते, तंगूस गुंडाळायचं रीळ. आणि एक नाही, तब्बल तीन. एक माझ्या वडिलांना, एक आठ वर्षांच्या लेकीला आणि एक मला व नवऱ्याला मिळून. बजेट सहा हजार. बस्स.

थोडी पार्श्वभूमी सांगते. माझं माहेर शहापूरचं, सासर मुरबाडचं. मुरबाडकडे काळू नदी. पहिल्या जोरदार पावसात चढणीचे मासे धरायला सासरचं अख्खं घर ओढ्यावर पळतं. शहापूरकडे १८९२ सालचं तानसा धरण आणि नंतरचं भातसा. मुंबईच्या पाण्यात जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. म्हणजे तुम्ही मुंबईकर असाल तर आमचंच पाणी पिताय. आमच्या तालुक्यातल्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकर येतो, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

माझे वडील, आप्पा, भातसाच्या फुगवट्यावर मासेमारी करायचे. होडीत उभं राहून पाग फेकणं म्हणजे आप्पांनीच. जाळं हवेत गोल उघडायचं आणि अलगद पाण्यावर बसायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा आखडला. हात खांद्याच्या वर जाईना, पाग भिंतीवर गेला आणि आप्पा ओटीवर. ‘नुसते होडीत येऊन बसा की,’ असं भावाने सुचवलं, तर उत्तर आलं, ‘मी काय पाहुणा आहे?’

म्हणून रीळ. त्यांना होडीत बसायला जागा नको होती, हाताला काम हवं होतं.

मुंबईतल्या एका दुकानात शिरलो. दुकानदार सगळं नवऱ्याला समजावत होता. नवऱ्याचा हात बांबूच्या काठीवर बसलेला, रिळातलं त्यालाही काही कळत नव्हतं. शेवटी मीच काउंटरवर पुढे सरकले, कारण गृहपाठ मी केला होता. तोच तुम्हाला देते, फुकट!

पहिला फंडा : बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका. खोक्यावर ‘१० बॉल बेअरिंग’ असं ठळक छापलेलं असतं. चांगली चार बेअरिंग सुमार दहांपेक्षा जास्त टिकतात. रीळ हातात घ्या आणि हँडल सावकाश फिरवा. खरखर येते का? हँडल डगमगतं का? तंगूस ज्या छोट्या चाकावरून आत येतो, ते चाक फिरतं का? ते अडकलं की तंगूस घासून झिजतो.

दुसरा : ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक. मोठा मासा जोर लावतो तेव्हा ड्रॅग तंगूस हळूहळू सोडतो, म्हणून तो तुटत नाही. दुकानातच ड्रॅग थोडा आवळून तंगूस हाताने ओढा. तो एकसारखा सुटला पाहिजे, गचके नकोत. तंगूस ६ किलो झेलणारा असेल, तर ड्रॅग दीड-दोन किलोंच्या ओढीला सुटावा. विमानप्रवासाआधी बॅग टांगून तोलायचा काटा घरात असतो ना? तोच वापरा.

तिसरा : गरज नाही त्याचे पैसे देऊ नका. धरणाचं पाणी गोडं, त्यामुळे खाऱ्या पाण्यासाठी सीलबंद केलेलं महागडं मॉडेल कशाला? होडीतून गळ बाजूलाच सोडायचा असतो, मग लांब फेकीचं रीळही नको. रोहू, मृगळ, तिलापियाला २५०० ते ३००० साइजचं स्पिनिंग रीळ पुरतं. कटला मोठा मिळत असेल तर ४०००. गिअर रेशो ५:१ च्या आसपास बघा, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात तंगुसाचे पाच वेढे.

या स्पिनिंग रिळाचा जन्मही मस्त आहे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या लोकर व्यवसायातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थने १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. बॉबिन जागेवर स्थिर आणि धागा तिच्या टोकावरून सुटतो, ही गिरणीतली गोष्ट त्याने माशांच्या कामी लावली. भिवंडीच्या शेजाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको!

आता आमच्या कामाचा मुद्दा. बहुतेक स्पिनिंग रिळांचं हँडल डावीकडून काढून उजवीकडे बसवता येतं. आप्पांची काठी डाव्या हातात, हँडल उजव्या. गुंडाळताना कोपर बरगडीला टेकलेलं राहतं, खांदा उचलावाच लागत नाही. लेकीसाठी झाकणवालं, बटणाचं रीळ घेतलं, काठीसकट. बटण दाबा, काठी झुलवा, बटण सोडा. गुंता कमी, रडारड कमी. तिला नियम एकच, मासा तंगूस ओढत असताना हँडल फिरवायचं नाही, नाहीतर तंगुसाला पीळ पडतो.

मोठी दोन रिळं ३,८००, लेकीचा सेट १,४००, उरलेल्यात तंगूस. लाइफ जॅकेटं आधीच घेतली होती, ती या बजेटमध्ये धरायची नसतातच. आणि हो, वाचून लगेच होडी शोधायला निघू नका. धरणांतल्या मासेमारीचे हक्क बऱ्याच ठिकाणी मच्छीमार सहकारी सोसायट्यांकडे असतात, आधी त्यांना विचारा. तानसा तर अभयारण्यात आहे, तिथे स्वतःहून होडी घालायचीच नाही. आमची होडी भावाची आणि भाऊ सोसायटीचा सभासद. तीही पावसाळ्यात काठावरच.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी निघालो. पहिला अर्धा तास आप्पा रिळाकडे नव्या सुनेकडे बघावं तसे बघत होते. मग ड्रॅग करकरला. आप्पांचं कोपर बरगडीला, तोंडातून शब्द नाही. लेक ओरडली, ‘आजोबा, फिरवा ना!’ तर म्हणाले, ‘थांब गं. आधी त्याला दमू दे.’ आला तो तळहाताएवढा तिलापिया.

संध्याकाळी ओटीवर बसून त्यांनी रीळ कोरड्या फडक्याने पुसलं, ड्रॅग सैल करून ठेवला आणि भावाला आत हाक मारली, ‘उद्या साडेपाचला निघायचंय. उशीर नको.’