पानांची मागची बाजू

रोपवाटिकेत गेलेल्या माणसाची नजर प्रथम फुलांवर खिळते. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते, तेव्हाही असेच होते. परंतु फूल ही रोपाची जाहिरात आहे, प्रकृतीचा दाखला नव्हे. ऐन बहरातल्या रोपाची बरीच शक्ती फुलण्यातच खर्च झालेली असते आणि घरी आल्यावर नवी जागा, वेगळे ऊन व कुंडीबदल हे सारे त्याला एकदमच सोसावे लागते. म्हणून उमललेल्या फुलांपेक्षा कळ्या आणि शेंड्याची ताजी पालवी पाहून रोप घ्यावे.

मी रोप घेताना आधी पान उलटून पाहते. पुस्तकाच्या मलपृष्ठावर बहुधा स्तुती असते. पानाच्या मागच्या बाजूस मात्र सत्य असते. देठाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. पान चिकट लागले आणि खोडावर मुंग्यांची रांग असली तर मावा किंवा तत्सम रसशोषक कीड असण्याचा संभव मोठा. बारीक जाळी आणि पानभर फिकट ठिपके ही लाल कोळ्याची खूण. अशा रोपाची दया येऊन ते घरी आणले, तर शिक्षा शेजारच्या कुंड्यांना होते. निरोगी दिसणारे रोपही पहिले दोन आठवडे वेगळे ठेवावे, ते याचसाठी.

त्यानंतर पिशवीचा तळ पाहावा. छिद्रांतून मुळांचा गुंता बाहेर आला असेल, तर रोप त्या पिशवीत फार काळ राहिले आहे. आत मुळे गोल गोल फिरून घट्ट झालेली असतात. न सोडवता लावली तर मोकळ्या मातीतही ती तशीच घुमत राहतात. उंची पाहून भुलणाऱ्यांच्या हाती अशीच रोपे येतात.

सर्वांत कठीण पारख कलमाची. लेखणीलाही कलम, कायद्याच्या परिच्छेदालाही कलम आणि आंब्याच्या जोडरोपालाही कलमच! हापूसचे कलम घेताना सांधा पाहावा लागतो. तो भरून आलेला हवा आणि पालवी सांध्याच्या वर फुटलेली हवी. वरची काडी मरून खालचा खुंटच वाढला असेल, तर झाड हिरवेगार होईल, पण हापूस होणार नाही. ही फसगत कळायला काही वर्षे जातात. फळ धरल्यावर ते रायवळ निघते.

शाळेला रोपवाटिका आणि विद्यार्थ्यांना रोपटी म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. या रूपकाविषयी मला अलीकडे शंका वाटते. मराठी विभागात प्रवेशाचे दिवस आले की ‘चांगली मुले आपल्याकडे येत नाहीत’ हे वाक्य हमखास कानी पडते. हे वाक्य ग्राहकाचे आहे. रोपवाटिकेत मी ग्राहक असते, तिथे नाकारण्याचा हक्क मला आहे. वर्गात मी माळ्याच्या जागी उभी असते आणि माळ्याला वाफ्यातले प्रत्येक रोप आपलेच मानावे लागते.

मार्गदर्शकांतली उत्तरे पाठ करून आलेले विद्यार्थी पाहिले की मला ती पिशवीतली मुळे आठवतात. अशा एका विद्यार्थ्याला मी मार्गदर्शक बाजूला ठेवून कविता वाचायला सांगितली, तेव्हा तो जवळजवळ सहा महिने गप्पच होता. मुळे सोडवलेले रोपही काही दिवस मान टाकतेच. दुसऱ्या वर्षी त्याने एका कवितेवर चार ओळी लिहिल्या, त्या त्याच्या स्वतःच्या होत्या. त्याच वर्गातली एक मुलगी मात्र त्या मौनातच शिक्षण सोडून गेली. किती सोडवावे आणि किती काळ थांबावे, याचे मोजमाप कोणत्याही बागकामाच्या पुस्तकात नसते.

पान उलटून पाहण्याची सवय दोन्हीकडे तीच लागते. रोपवाटिकेत कीड दिसली की मी रोप खाली ठेवते आणि पुढे जाते. वर्गात ती दिसते तेव्हा माझे काम सुरू होते.