‘दुविधा’चा बदललेला शेवट

विजयदान देथा यांची ‘दुविधा’ ही लोककथेवर उभी राहिलेली राजस्थानी कथा. नवरा व्यापारासाठी पाच वर्षे परमुलखात जातो. त्याचे रूप घेतलेले भूत नववधूला खरे काय ते सांगते आणि ती त्याला स्वीकारते. शेवटी नवरा परतल्यावर खरा कोण हे ठरवताना एक मेंढपाळ भुताला पखालीत कोंडतो. नकोसा संसार तिच्या वाट्याला उरतो. मणि कौल यांच्या १९७३ च्या ‘दुविधा’ चित्रपटाने हा शेवट जपला. अमोल पालेकर यांच्या २००५ च्या ‘पहेली’त मात्र भूत नवऱ्याच्याच देहात शिरून परतते. शाहरुख खान, राणी मुखर्जी, रंग, गाणी सारे देखणे आहे. पण स्त्रीच्या इच्छेला समाजात जागाच नाही, हे कथेचे मर्म सुखान्तात हरवते. म्हणूनच ‘पहेली’ रूपांतर म्हणून निराश करते.