ऑर्गनचा दांडा आणि सासूबाईंचा गुडघा

मैत्रिणींनो, ऑर्गन हातांनी आणि पायांनी वाजवतात हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण तो गुडघ्यांनीही वाजवतात, हे कितीजणींना माहीत आहे? पट्ट्यांच्या खाली, गुडघ्यांच्या उंचीवर दोन लाकडी दांडे असतात. गुडघा बाहेरच्या अंगाला रेटला की दांडा सरकतो. बहुतेक ऑर्गनांत उजव्या दांड्याने आतली झडप उघडून आवाज मोठा होतो, तर डाव्याने सगळे स्वरसंच एकदम बोलू लागतात. हात पट्ट्यांवर गुंतलेले, पाय भाता मारण्यात. मग उरलं कोण? गुडघेच की!

संगीत नाटकाला या वाद्याने केवढी साथ केली! १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि पुढे बालगंधर्वांच्या गाण्यामागचा ऑर्गनचा भरदार सूर लोकांच्या कानांत बसला. हातपेटीत हवा बाहेर ढकलली जाताना स्वर वाजतो, ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाताना.

आमच्या मुलुंडच्या घरात असा एक ऑर्गन आहे, सासूबाईंच्या माहेरचा. दर एकादशीला भजनी मंडळ आमच्याकडे जमतं आणि साथ त्यांची. पण दोन पावसाळ्यांत उजवा दांडा इतका जड झाला, की रेटताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्यात संधिवात. एक दिवस म्हणाल्या, "सूनबाई, देऊन टाका हा कुणाला. माझ्याच्यानं आता होत नाही." इमारत पुनर्विकासाला जायची, जागेची ओढाताण; घरात सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र दिसत होतं, ऑर्गन गेला की त्यांचं चार बायकांत बसणंही जाणार.

म्हटलं, द्यायचाच तर निदान दाखवून तरी घेऊ. पेट्या दुरुस्त करणारे एक काका आले. त्यांनी आधी दांड्याला झडपेशी जोडणारी तार सोडवली. नुसता दांडाही जडच! म्हणजे दोष झडपेत नाही, दांड्याच्या सांध्यात. (दांडा मोकळा फिरला असता, तर आत बघावं लागलं असतं.) दमट हवेने लाकूड फुगलेलं, आतली लोखंडी कांब गंजलेली, आणि कधीकाळी घातलेल्या तेलात धूळ बसून त्याचा चिकटा झालेला.

काकांनी कांब काढून बारीक पॉलिशपेपरने घासली, चिकटा पुसला, लाकडाचं भोक किंचित मोकळं केलं आणि शिसपेन्सिलीची भुकटी भरली. तेल मुळीच नाही, बरं का! ना खोबरेल, ना शिलाई मशीनचं. तेल लाकडात मुरतं, धूळ धरतं आणि जवळची बनात, चामडं खराब करतं. मग दांडा मागे आणणारी स्प्रिंग थोडी सैल केली. फार सैल केली, तर तो परत येत नाही. दांड्याच्या वरच्या बाजूपेक्षा खालच्या टोकाला रेटलं की जोर कमी लागतो. म्हणून स्टूलाची उंची बदलून गुडघा बरोबर तिथे टेकेल असं केलं आणि टोकाला बनातीचा तुकडा चिकटवला.

परदेशात पेडल स्टील गिटार नावाचं वाद्य आहे, त्यालाही असेच गुडघ्याचे दांडे असतात. त्यांनी तारांचा सूर चढतो-उतरतो. तेही वाजवणाऱ्याच्या पायांच्या मापाने बसवून घेतात म्हणे. मग आपल्या घरच्या वाद्याला माणसाच्या मापाने बसवायला काय हरकत आहे?

तुमच्याकडे ऑर्गन असेल, तर पावसाळ्यात तो भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, वर सुती कापड घाला, आत उंदीर-कसर शिरत नाही ना ते पाहा आणि रोज पाच मिनिटं वाजवा.

सासूबाईंचा संधिवात काही गेलेला नाही. पण पुढच्या एकादशीला शेवटच्या अभंगात त्यांनी आवाज असा हळूहळू चढवला, की टाळ वाजवणाऱ्या बायकाही वळून बघू लागल्या. ऑर्गन द्यायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

घरातलं वडीलधारं माणूस "आता होत नाही" म्हणालं, की आपण लगेच त्याच्या वयाकडे बोट दाखवतो. त्याआधी एकदा हातातली वस्तूही तपासून पाहावी. खिडकीची कडी असो, कुकरचं झाकण असो की ऑर्गनचा दांडा. पुष्कळदा म्हातारपण माणसाला नाही, वस्तूला आलेलं असतं.