नांदूरच्या काठी विरळ होत चाललेलं

नाशिकच्या खालच्या अंगाला, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी इंग्रजी अमदानीतला दगडी बंधारा आहे. त्याच्यामागे शंभर वर्षं गाळ साचत गेला. गाळाची बेटं झाली, बेटांभोवती उथळ पाणी पसरलं आणि हिवाळी पाहुणे उतरू लागले. १९८६ साली नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य झालं. २०२०च्या जानेवारीत ते जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेल्याचं जाहीर झालं. महाराष्ट्रातलं हे त्या यादीतलं पहिलं ठिकाण. पक्ष्यांच्या २६५ जातींची इथे नोंद आहे. सलीम अलींनी याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं. खुद्द भरतपूरला सायबेरियन क्रौंचांची शेवटची जोडी २००१-०२च्या हिवाळ्यात दिसली. पुढच्या हिवाळ्यांत कुणीच आलं नाही. म्हणून इथं विरळ होत चाललेल्या गोष्टींची यादी आत्ताच करून ठेवतो आहे.

बोटभर पाणी. चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर चढलेला माणूस भरलेला जलाशय बघून खूश होतो. पक्ष्यांचा हिशेब वेगळा असतो, तो पायांच्या लांबीवर चालतो. टिलवा चिमणीएवढा, त्याला ओला चिखल आणि वर जेमतेम नखभर पाणी लागतं. शेकाट्याचे गुलाबी पाय काडीसारखे लांब, तो वीतभर पाण्यात आरामात हिंडतो. पाणटिवळा पोटाला पाणी लागेपर्यंत आत शिरतो आणि लांब चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो. ती चोच दुर्बिणीतून नीट बघावी. तिचं टोक स्पर्शाला फार जागं असतं. गाळातली अळी त्याला दिसत नाही, टोकाला कळते, आणि बाकीची चोच मिटलेली ठेवून तो नुसतं टोक उघडून ती पकडतो. पाणी वीतभर चढलं की आधी टिलवे उठतात, मग शेकाटे, मग पाणटिवळे. राहतात ती पोहणारी बदकं आणि काळे वारकरी. लांबून बघणाऱ्याला जलाशय तेवढाच गजबजलेला वाटतो.

वरच्या गंगापूर, दारणा धरणांतून आवर्तन सुटलं की इथली पातळी चढते, कालव्यांना पाणी गेलं की उतरते. बंधारा बांधला तो शेतीसाठीच, आणि त्या पाण्यावर पहिला हक्क शेतकऱ्याचा हे मला मान्य आहे. पण डिसेंबर-जानेवारीत पातळी किती आणि किती झपाट्याने हलवायची, हे ठरवताना चिखलाच्या त्या पट्ट्याचा विचार झालाच पाहिजे. अभयारण्याचा जीव त्या पट्ट्यात आहे.

वाळू. नदी सुरय उघड्या वाळूवर नुसता खळगा करून अंडी घालतो. हिवाळ्यात तो पिवळ्या चोचीनिशी पाण्यावर सूर मारताना दिसतो, तेव्हा उन्हाळ्यात तो कुठे बसणार हा प्रश्न कुणाला पडत नाही. वाळू ट्रॉल्यांतून गेली. उरलेल्या बेटांवर कुत्री पोहोचतात, नाहीतर अवेळी सुटलेलं पाणी.

हरभऱ्याची शेतं. कांड्या करकोचे मध्य आशियातून थव्याने येतात. सकाळी रानात दाणा टिपायचा, दुपारी पाण्याकाठी उभं राहायचं, हा त्यांचा दिनक्रम. त्यासाठी लांबवर नजर जाईल असं मोकळं रान हवं: हरभरा, ज्वारी, गहू. निफाड आता द्राक्षाचं आहे, उसाचं आहे. तारा आणि मांडव असलेल्या बागेत एवढा मोठा, बुजरा पक्षी उतरत नाही, आणि उसात तर त्याला स्वतःच्या पायापलीकडचं दिसत नाही. द्राक्षाने इथल्या घरांना चांगले दिवस दाखवले, त्याबद्दल तक्रार नाही. पण काठालगतच्या शेतकऱ्याने दोन एकर हरभरा ठेवावा आणि पाखरांनी खाल्लेल्या दाण्यांची भरपाई त्याला वेळेवर, हेलपाट्यांशिवाय मिळावी, एवढं सरकारला सहज जमण्यासारखं आहे.

थापट्या. हा या यादीत बघून पक्षी बघणारे चमकतील, कारण नांदूरला तो अजून भरपूर दिसतो. हिरवं डोकं, पांढरी छाती, फावड्यासारखी पसरट चोच. चोचीच्या कडेला बारीक दातेरी झालर, तिच्यातून पाणी गाळून सूक्ष्म जीव खायचे. पाच-पंधरा थापटे गोल फिरत पाणी ढवळतात आणि प्रत्येक जण पुढच्याने वर आणलेलं खातो. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३च्या अहवालात, देशभर ठळकपणे घटलेल्या पक्ष्यांत थापट्या आहे, चक्रांग बदक आहे, आणि इथल्या विजेच्या तारांवर बसणारा नीळकंठही आहे. म्हणजे आपण ज्याला ‘नेहमीचा’ म्हणून दुर्बीण पुढे सरकवतो, तोच.

पांढऱ्या पाठीचं गिधाड. रामसरच्या नोंदीत त्याचं नाव आहे. आभाळातून ते गेलं गुरांच्या डायक्लोफिनॅकमुळे: औषध दिलेलं जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, मूत्रपिंडं निकामी होऊन थवेच्या थवे संपले. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ साली बंदी आली. तोवर देशातली शंभरातली नव्याण्णवच्या आसपास गिधाडं गेली होती.

देवळालीचा मासा. त्याच नोंदीत हाही आहे. लहानसा, वाहत्या स्वच्छ पाण्यातला, १९३८ साली शास्त्राला माहीत झालेला, आज अतिसंकटग्रस्त. याला बघायला दुर्बीण घेऊन कुणी येत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिला.

उघडं पाणी. नाशिक शहराचं सांडपाणी गोदावरीतून इथवर येतं आणि त्यावर पाणवेली पोसतात. हिरव्या गालिचाखाली उजेड जात नाही, प्राणवायू घटतो. बुडी मारणाऱ्या लालसरीला आत शिरायला फट उरत नाही. पाणवेली यंत्राने काढणं म्हणजे तात्पुरता इलाज. सांडपाणी शहरातच शुद्ध होऊन नदीत सुटत नाही तोवर त्या पुन्हा वाढणार.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. १९८७पासून ती चालू आहे. या हिवाळ्यात नांदूरला गेलात तर फोटो काढाच, पण एक सकाळ गणनेसाठी द्या. हजारोंनी दिसणारे वारकरी मोजा, थापटे मोजा. आणि कांड्या करकोचा दिसला नाही, तर त्याच्या नावापुढची जागा कोरी सोडू नका, तिथे शून्य लिहा.