‘बाई, कोणतं ॲप बघायचं?’ : शाळा, पाऊस आणि मोबाईलवरचा अंदाज



जून उजाडला की आमच्या शाळेच्या पालक-गटावर एक प्रश्न हमखास येतो, ‘बाई, हवामानाचं कोणतं ॲप चांगलं?’ आणि मग एकाच दुपारी पाच जण पाच वेगवेगळे स्क्रीनशॉट टाकतात. एकात ऊन, एकात विजा, एकात ‘९० टक्के पाऊस’. शेवटी सगळेच म्हणतात, ‘जाऊ दे, यांचं काही खरं नसतं.’

मला हे ‘जाऊ दे’ परवडत नाही. आमची शाळा रायगड जिल्ह्यात, खाडीपासून फार लांब नाही. निम्मी मुलं पऱ्यापलीकडच्या वाडीतून साकवावरून येतात. पावसाळ्यात दुपारी अडीच-तीनला त्यांना घरी सोडायचं की थांबवायचं, हे कुणाला तरी ठरवावं लागतं. ते ठरवताना गेली काही वर्षं मी काय काय बघते आणि मुलांकडून काय पडताळून घेते, ते आज सांगते.

ॲपच्या आधी प्रश्न ठरवा

सगळ्यात चांगलं असं एक ॲप नसतं, कारण आपले प्रश्नच तीन तऱ्हेचे असतात.

१. पुढच्या दोन-तीन तासांत इथे काय होईल?
२. उद्या-परवा जिल्ह्यात काय होण्याची शक्यता आहे?
३. समुद्रात वादळ आहे, ते आपल्याकडे येतंय का?

प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारं साधन वेगळं आहे. दुसऱ्या प्रश्नाचं साधन पहिल्यासाठी वापरलं की फसगत होते आणि दोष मात्र हवामान खात्याला मिळतो.

मोबाईलमध्ये आधीपासून असलेलं ॲप एक चित्र दाखवतं, ढग किंवा सूर्य. ते बहुतेक वेळा संगणकाच्या जागतिक मॉडेलवरून आपोआप तयार झालेलं असतं. हे मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून हिशोब करतं. अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलचा चौकोन साधारण १३ किलोमीटरचा, युरोपियन केंद्राच्या मॉडेलचा ९ किलोमीटरचा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २०२५ मध्ये आली, तिचा चौकोन ६ किलोमीटरचा. आमचा पऱ्या, डोंगर आणि वाडी हे सगळं असल्या एका चौकोनात मावतं! म्हणजे ॲपवर गावाचं नाव दिसलं तरी तो अंदाज खास आपल्या गावचा नसतो.

पाऊस किती स्थानिक असतो याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे २६ जुलै २००५. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ मिलिमीटरचीही नोंद झाली नाही.

पुढचे दोन-तीन तास

यासाठी मी तीन गोष्टी बघते.

पहिली, हवामान विभागाच्या संकेतस्थळावरचा किंवा ‘मौसम’ ॲपवरचा ‘नाऊकास्ट’. हा पुढच्या तीन तासांपुरता असतो. तो किती वाजता दिला आहे, हे आधी वाचायचं. सकाळी दहाचा नाऊकास्ट दुपारी तीनला शिळा झालेला असतो.

दुसरी, रडारची चित्रं. आमच्या भागासाठी मुंबईची कुलाबा आणि वेरावली ही दोन रडारं आहेत. इतरांनी गोवा, सोलापूर, नागपूर यांपैकी जवळचं बघावं. एकच चित्र बघू नका, लागोपाठची तीन-चार बघा, म्हणजे पावसाचा पट्टा कुठून कुठे सरकतोय ते कळतं. चित्रावरची वेळ बहुधा ‘यूटीसी’मध्ये असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ मिळते. ०९३० म्हणजे दुपारचे तीन. रडारलाही मर्यादा आहेत बरं का! किरण जसजसा दूर जातो तसतसा जमिनीपासून उंच जातो, त्यामुळे लांबचे, खाली असलेले ढग निसटू शकतात. डोंगराआडचंही नीट दिसत नाही.

तिसरी, ‘दामिनी’. हे ॲप आयआयटीएमने विजांसाठी केलं आहे. आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात नुकत्याच कुठे विजा पडल्या ते ते दाखवतं. लोकेशन आणि नेट चालू असेल तरच त्याचा उपयोग. एप्रिल-मे आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर, या दिवसांत मैदानावर खेळाचा तास घेणाऱ्या शिक्षकांनी तर ते ठेवावंच. मराठवाडा-विदर्भातल्या सहकाऱ्यांना हे मी वेगळं सांगायला नको.

नेट नसेल तर कान आहेतच. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मुलांना वर्गात घ्या, झाडाखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर सोडू नका.

उद्या-परवासाठी : रंग आणि शब्द

जिल्हानिहाय इशाऱ्याचे चार रंग आता सर्वांना ठाऊक आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. लाल रंग म्हणजे आपोआप सुट्टी नव्हे. सुट्टीचा आदेश जिल्हा प्रशासन काढतं, त्यामुळे तो तिथूनच आला आहे ना हे बघावं.

पण रंगापेक्षा शब्द जास्त सांगतात, आणि ते आपण वाचतच नाही. हवामान खात्याच्या भाषेत ‘मुसळधार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, ‘अति मुसळधार’ म्हणजे ११५.६ ते २०४.४, आणि त्यापुढे ‘अत्यंत मुसळधार’. तसंच ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ जिथे पाऊस मोजला जातो त्यांपैकी फार तर पंचवीस टक्के ठिकाणी. म्हणजे ‘तुरळक ठिकाणी अति मुसळधार’ असं वाचलं की समजायचं, जिल्ह्यात कुठे तरी झोडपण्याची शक्यता आहे, पण बहुतेक गावांना तेवढा बसणार नाही. आपलं गाव त्या पंचवीस टक्क्यांत असेल का, हे आदल्या दिवशी कुणीच सांगू शकत नाही.

एक दुपार

हे सगळं पुस्तकी वाटू नये म्हणून एक अनुभव सांगते. जुलैचा दिवस होता. जिल्ह्याला नारिंगी इशारा. अडीच वाजता मी नाऊकास्ट पाहिला, त्यात जोरदार सरी होत्या. रडारवर समुद्रावरून एक लाल-पिवळा पट्टा आमच्याच दिशेने सरकत होता. त्यात भरतीची वेळ. आमच्याकडे जुनी माणसं भरती पाऊणकीने काढतात, तिथीची पाऊणपट करायची. त्या दिवशी चतुर्थी होती, चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. हिशोब ढोबळ आहे, पण खाडीत भरती असताना पऱ्याचं पाणी पुढे जात नाही, तुंबतं, हे गावात लहान पोरालाही माहीत असतं.

मुख्याध्यापकांशी बोलून ठरवलं, पलीकडच्या वाडीतल्या मुलांना एकटं सोडायचं नाही. ओहोटी लागेपर्यंत थांबवायचं आणि मोठं माणूस आल्यावरच पाठवायचं. गटावर निरोप टाकला.

साडेचारला एक पालक आले ते तणतणतच. लावणी सोडून यावं लागलं होतं. मोबाईल माझ्यासमोर धरला, ‘बाई, बघा, यात तर ऊन दाखवतंय. आणि बाहेर पण ऊनच आहे!’ खरंच होतं. अर्धा तास एक सर आली आणि उघडलं. साकवाला पाणीसुद्धा लागलं नाही.

मी म्हटलं, ‘भाऊ, तुमचा राग बरोबर आहे. पण अडीच वाजता मला जे दिसत होतं ते बघून मी उद्याही हेच करीन.’ ते काही बोलले नाहीत, मुलीला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी शाळेच्या बाटलीत मोजलं, २१ मिलिमीटर. मग कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर आम्ही महसूल मंडळांचे आकडे पाहिले. आमच्याच तालुक्यातल्या एका मंडळात शंभराच्या वर पाऊस होता. तो पट्टा बाजूने गेला होता, इतकंच. संध्याकाळी ते पालक भेटले तेव्हा मी तो आकडा दाखवला. ते थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, ‘म्हणजे तिकडच्यांना लागला तो आपल्याला लागला असता.’ अंदाज म्हणजे काय, हे मला याहून सोपं करून सांगता आलं नसतं.

आपल्याकडे ‘पाऊस पडला नाही म्हणजे अंदाज चुकला’ असं पटकन म्हणतात. दोन-तीनदा असं झालं की लोक इशारा बघणंच सोडतात, आणि धोका तिथे आहे. म्हणून पाऊस हुकला तरी तो नेमका कुठे पडला, हे पालकांना सांगणं मला इशारा देण्याइतकंच गरजेचं वाटतं.

वादळ असेल तेव्हा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. आमच्या जिल्ह्यात घरांची आणि शाळांची कौलं-पत्रे उडाले, नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. वीज आणि मोबाईलचं नेटवर्क अनेक गावांत कित्येक दिवस नव्हतं. म्हणजे ज्या ॲपवर आपली भिस्त, ते ऐन वेळी हातात असेलच असं नाही. त्याचा उपयोग वादळाच्या आधीच करून घ्यायचा असतो.

चक्रीवादळासाठी मी हवामान विभागाचंच पत्रक बघते. त्याचे टप्पे ठरलेले आहेत. साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधानतेचा इशारा, २४ तास आधी धोक्याचा इशारा आणि १२ तास आधी वादळ जमिनीवर आल्यानंतर काय होईल याचा अंदाज. वादळाच्या मार्गाच्या नकाशात पुढे रुंद होत जाणारा पट्टा असतो. मधल्या रेघेवर आपलं गाव नाही म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, पट्ट्यात कुठेही असलो तरी तयारी हवी. वारा आणि पाऊस त्या पट्ट्याबाहेरही पोचतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकणाला बाजूला ठेवून पुढे गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं, तरी आपल्या किनारपट्टीने त्याचा मार खाल्लाच.

‘विंडी’सारख्या ॲपवर वाऱ्याचे भोवरे फार सुंदर दिसतात. मीही बघते. त्यात युरोपियन आणि अमेरिकन मॉडेल आलटून पालटून बघता येतं. दोन्ही एकच सांगत असतील तर भरवसा वाढतो, वेगळं सांगत असतील तर थांबायचं. पण ते मॉडेलचं चित्र आहे, इशारा नव्हे. दहा दिवसांनंतरच्या भोवऱ्याचा स्क्रीनशॉट ‘मुंबईवर महावादळ’ म्हणून फिरतो, तो पुढे पाठवू नका. आणि जोराची सर आली की लगेच ‘ढगफुटी’ लिहू नका. तासाभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्याला ढगफुटी म्हणतात.

याशिवाय राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲप ठेवावं, त्यात सरकारी इशारे एकत्र मिळतात. शेतकरी पालकांसाठी ‘मेघदूत’ आहे, त्यात जिल्ह्याचा पीक-सल्ला मराठीत असतो.

वर्गात करून बघण्यासारखं

सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवा. बुड खडबडीत असतं, म्हणून तळाशी खडे आणि थोडं पाणी घालून तिथे शून्याची खूण करा. पट्टी चिकटवा आणि बाटली झाड-छपरापासून दूर, मोकळ्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजा, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असतो. शाळा उशिरा भरत असेल तर जवळ राहणाऱ्या दोन मुलांकडे हे काम द्या.

वहीत तीन रकाने करा : काल ॲपने काय सांगितलं, बाटलीत किती पडलं, महारेनवर आपल्या मंडळाचा आकडा किती. महिन्याभरात कोणत्या ॲपचं आपल्या गावाशी किती जुळतं ते मुलंच सांगतात. गणितही होतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. मग शंभर चौरस मीटरच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर किती लिटर? पाच हजार, हे कळल्यावर आमचे पाचवीतले विद्यार्थी पन्हाळीकडे बघतच राहिले!

जाता जाता चार सूचना

- ॲपमध्ये गाव निवडताना तालुका-जिल्हा तपासा. वडगाव आणि पिंपळगाव महाराष्ट्रात ढिगाने आहेत.
- कोणताही इशारा पुढे पाठवण्याआधी त्यावरची तारीख आणि वेळ वाचा. वेळ नसलेला इशारा पाठवू नका.
- शाळेत हे काम एका शिक्षकाकडे आणि त्यांच्या गैरहजेरीत दुसऱ्याकडे द्या. पालक-गटावर निरोप एकाच माणसाने टाकावा.
- पलीकडून येणाऱ्या मुलांची यादी, घरच्यांचे नंबर आणि ‘पाणी इथवर आलं तर थांबायचं’ ही साकवाजवळची खूण कागदावर लिहून कार्यालयात लावा. नेटवर्क गेलं तरी तो कागद वाचता येतो.

आमच्या साकवाच्या खांबावर यंदा मुलांनीच लाल रंगाचा पट्टा मारला आहे. पाणी त्याला टेकलं की पलीकडे जायचं नाही, हे आता पहिलीतल्या मुलांनाही ठाऊक आहे. त्यासाठी मोबाईल लागत नाही.